दुधाच्या दाताची साक्ष

दुधाचा दात उभा चिरून त्याची पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तर वरच्या कवचात एक रेघ इतर रेघांहून ठळक दिसते. ती रेघ म्हणजे ते मूल जन्माला आले तो दिवस. आईच्या पोटातून बाहेर येणे हा शरीराला बसलेला एवढा मोठा हादरा असतो की दात घडवणाऱ्या पेशींचे काम थोडा वेळ विस्कटते, आणि त्याची खूण कवचात कायमची राहते. रेघेच्या आतले कवच गर्भात तयार झालेले, बाहेरचे जन्मानंतरचे. हे काम गर्भारपणाच्या चौथ्या महिन्याच्या सुमारास सुरू होते आणि पेशी रोज एक सूक्ष्म थर चढवत जातात. हे थरही मोजता येतात. पुढे सहा-सात वर्षांनी तो दात हलतो, पडतो, आणि आपण तो छपरावर भिरकावतो किंवा उंदराच्या बिळात टाकतो. माणसाच्या आयुष्यातल्या सगळ्यात नाजूक काळाची दिवसवार नोंद उंदराच्या हवाली!

आपल्या आसपासची रसायने मुलांच्या मेंदूच्या घडणीत ढवळाढवळ करतात का, या प्रश्नाचे उत्तर शोधताना शास्त्रज्ञांना याच टाकून दिलेल्या दाताकडे वळावे लागले. कारण अडचण काळाची आहे. मूल सात-आठ वर्षांचे होते, वर्गात त्याचे लक्ष लागत नाही, वाचन मागे पडते, तेव्हा कुठे आपल्याला काही खटकते. मेंदूची मुख्य उभारणी मात्र त्याआधीच झालेली असते. आणि रक्त फार विसराळू. रक्तात आलेले शिसे साधारण महिन्याभरात निम्म्यावर येते. आठ वर्षांच्या मुलाचे रक्त तपासून ते रांगत असताना त्याच्या पोटात काय गेले होते, हे कसे कळणार?

त्या उभारणीचा नुसता विचार केला तरी थक्क व्हायला होते. गर्भाच्या मेंदूतल्या बहुतेक पेशी आपल्या अंतिम जागी जन्मतच नाहीत. त्या मेंदूच्या गाभ्यातल्या पोकळ्यांच्या कडेला तयार होतात आणि तिथून आधार देणाऱ्या लांबट पेशींच्या धाग्यांना धरून सरपटत बाहेरच्या थराकडे जातात. आधी निघालेल्या आतल्या थरात थांबतात, नंतर निघालेल्या त्यांना ओलांडून पुढे जातात. जन्मानंतर जोडण्यांची झुंबड उडते. गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोडण्या तयार होतात आणि मग वापरात नसलेल्या छाटल्या जातात. कोणती ठेवायची आणि कोणती छाटायची, हे ठरते पेशींमधल्या विद्युत-रासायनिक संदेशांवर. त्या संदेशांच्या कारभारात एका साध्या धातूचा मोठा हात आहे, तो म्हणजे कॅल्शियम.

शिशाची सगळी करामत इथेच आहे. कॅल्शियमसारखाच त्याचा आयनही दोन धनभारांचा, त्यामुळे शरीराच्या पुष्कळ दरवाज्यांवर त्याला कुणी अडवत नाही. दुसऱ्याच्या पासावर लोकलने बिनधास्त फिरणाऱ्या माणसासारखे ते आतड्यातून रक्तात, रक्तातून हाडात, नाळेतून गर्भात आणि तिथून मेंदूत जाते. मेंदूच्या पेशींवर शिकण्यासाठी आणि आठवणीसाठी लागणारा, संदेश झेलणारा एक महत्त्वाचा ग्राहक (रिसेप्टर) असतो. त्याच्या कामात ते खीळ घालते. तोंडावाटे गेलेल्या शिशातला जो वाटा मोठ्या माणसाच्या अंगात मुरतो, त्याच्या चार-पाच पट लहान मुलाच्या अंगात मुरतो. मुलाच्या पोटात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त. म्हणजे ज्या घरात दूध आणि हिरव्या भाजीची चणचण, तिथेच शिशाला पायघड्या. आणि आईच्या हाडांत लहानपणापासून साठलेले शिसे गर्भारपणात, बाळासाठी कॅल्शियम मोकळे होताना, त्याच्याबरोबर बाहेर पडते. एका पिढीच्या बालपणातले विष असे पुढच्या पिढीच्या गर्भात उतरते.

फिलाडेल्फियाचे डॉ. हर्बर्ट नीडलमन यांना शिसे तरुणपणीच भेटले होते. शिक्षणाच्या खर्चासाठी सुट्टीत त्यांनी न्यू जर्सीतल्या डीपवॉटर इथल्या ड्यूपाँटच्या कारखान्यात मजुरी केली. पेट्रोलमध्ये मिसळायचे शिशाचे संयुग तिथे तयार होत असे, आणि त्या इमारतीला कामगारांनी ‘फुलपाखरांचे घर’ असे नाव दिले होते. शिसे डोक्यात भिनलेले कामगार हवेतले नसलेले किडे हाताने हाकलत बसत, त्यावरून पडलेले हे नाव. पुढे बालरोगतज्ज्ञ आणि मग मानसोपचारतज्ज्ञ झाल्यावर नीडलमन गरीब वस्तीतल्या दवाखान्यात काम करू लागले. समोर येणाऱ्या मुलांपैकी कितीजणांच्या अडचणींच्या मुळाशी शिसे असेल, हा प्रश्न त्यांना सोडेना. तेव्हाची वैद्यकीय समजूत अशी, की शिशाने झटके आले, मूल बेशुद्ध पडले तरच विषबाधा. त्यातून वाचलेले मूल म्हणजे ठणठणीत बरे झालेले मूल. विष दिसत नसेल तर विष नाही.

पुरावा हवा होता तो जुन्या काळाचा, आणि तोही मुलाला सुई न टोचता मिळणारा. शिसे हाडात आणि दातात कॅल्शियमच्या जागी जाऊन बसते आणि वर्षानुवर्षे तिथेच राहते. हाड मागता येत नाही. पण दात तर मुले स्वतःच पाडतात! १९७२ मध्ये ‘नेचर’मध्ये नीडलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की फिलाडेल्फियाच्या जुन्या दाट वस्तीतल्या मुलांच्या दातांत उपनगरातल्या मुलांपेक्षा सुमारे पाचपट शिसे आहे. मग त्यांनी मोठे काम हाती घेतले. बॉस्टनजवळच्या चेल्सी आणि सॉमरव्हिल या दोन गावांतल्या पहिली-दुसरीच्या मुलांकडून दात गोळा केले. ३,३२९ मुलांपैकी २,३३५ जणांनी दात दिले. ज्यांच्या दातांत शिसे सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी, अशा १५८ मुलांच्या बुद्धीच्या, भाषेच्या आणि लक्ष देण्याच्या चाचण्या घेतल्या. घेणाऱ्याला कोणते मूल कोणत्या गटातले हे ठाऊक नव्हते.

१९७९ मध्ये निकाल छापून आला. जास्त शिशाच्या मुलांचा बुद्ध्यांक सरासरी चार-साडेचार गुणांनी कमी होता. मला मात्र त्याच निबंधातली दुसरी आकृती जास्त अस्वस्थ करते. दोन हजारांहून जास्त मुलांबद्दल त्यांच्या शिक्षिकांना अकरा साधे प्रश्न विचारले होते: मूल चटकन विचलित होते का, सांगितलेले पाळते का, दिवास्वप्नात रमते का, असे. शिक्षिकांना दातातल्या शिशाचा पत्ता नव्हता. तरी शिसे वाढेल तशी तक्रारींची पायरी चढत गेली. यातल्या एकाही मुलाला विषबाधेचे उघड लक्षण नव्हते. ती आपली ‘जरा धांदरट’, ‘अभ्यासात लक्ष नसलेली’ मुले.

बुद्ध्यांक या मापाचा मी काही भक्त नाही, आणि एका मुलाचे चार गुण गेले तर घरातल्या कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण हिशोब सगळ्या समाजाचा मांडून पाहा. बुद्ध्यांकाची सरासरी १०० धरली, तर नेहमीच्या वाटणीनुसार हजारात साधारण २३ मुले ७० च्या खाली आणि तेवढीच १३० च्या वर असतात. सरासरी फक्त ५ गुणांनी घसरली, की खालची २३ ची ४८ होतात आणि वरची २३ ची १० उरतात. कुणी आजारी पडले नाही, कुणी दवाखान्यात गेले नाही, आणि खास मदत लागणारी मुले दुप्पट झाली.

शिसे उद्योगाला हे रुचणे शक्यच नव्हते. त्या उद्योगाच्या बाजूने साक्ष दिलेल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये नीडलमन यांच्यावर संशोधनात लबाडी केल्याची तक्रार केली. चौकशी बंद दाराआड नको, उघड्यावर हवी, हा आग्रह नीडलमन यांचा. लबाडी सिद्ध झाली नाही. दरम्यान त्याच मुलांचा त्यांनी पुढे माग काढला होता. दातात जास्त शिसे असलेल्यांनी शाळा अर्ध्यावर सोडण्याचे प्रमाण कित्येक पट जास्त निघाले. अमेरिकेत रक्तातल्या शिशाची ‘काळजीची पातळी’ १९६० च्या दशकात दर १०० मिलिलिटरला ६० मायक्रोग्रॅम होती. ती १९८५ मध्ये २५ वर, १९९१ मध्ये १० वर, २०१२ मध्ये ५ वर आणि २०२१ मध्ये ३.५ वर आली. शिसे बदलले नाही, आपली नजर सूक्ष्म झाली. आणि २००५ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या १,३३३ मुलांची माहिती एकत्र केल्यावर एक चक्रावून टाकणारी गोष्ट दिसली: पहिल्या दहा मायक्रोग्रॅमांत बुद्ध्यांक जेवढा घसरतो, त्यापेक्षा पुढच्या दहांत कमी घसरतो. थोडके विष थोडके नुकसान करते, हा आपला नेहमीचा अंदाज इथे चालत नाही.

दातासारखीच दुसरी साक्ष जपानमध्ये लाकडी डब्यांत जपून ठेवलेली होती.

मिनामाता हे कोळ्यांचे गाव. चिस्सो कंपनीच्या कारखान्यातला पारा खाडीत जात होता. तो सेंद्रिय रूपात मासळीत, मासळीतून मांजरांत आणि माणसांत. मांजरे वेड्यासारखी नाचून समुद्रात पडत. १९५६ मध्ये आजाराची अधिकृत नोंद झाली. त्याच किनाऱ्यावर जन्मतःच लुळी, न बोलणारी मुले होती, पण त्यांना मेंदूचा पक्षाघात म्हणून वेगळे काढले गेले, कारण वार ही विषाला अडवणारी भिंत आहे असे वैद्यकशास्त्र मानत होते. कुमामोतो विद्यापीठाचे तरुण डॉक्टर मासाझुमी हारादा यांना एका घरात दोन भाऊ दिसले, दोघांची लक्षणे सारखीच. थोरल्याला मिनामाताचा आजार, धाकट्याला मात्र दुसराच काहीतरी, कारण त्याने मासे खाल्लेच नव्हते. आई म्हणाली, मासे मी खाल्ले. माझ्या अंगातले विष या पोराने ओढून घेतले, म्हणून मी धडधाकट आहे. आईचे म्हणणे शब्दशः खरे ठरले. हा सेंद्रिय पारा एका अमिनो आम्लाशी जुळून असे रूप घेतो, की वारेतले वाहक त्याला अन्नच समजतात आणि राबून पलीकडे पोचवतात. बाळाच्या नाळेतल्या रक्तात पारा आईच्या रक्तापेक्षा जास्त भरतो. मोठ्या माणसाच्या मेंदूत पारा ठरावीक भाग पोखरतो. गर्भाच्या मेंदूत पेशींचा तो सरपटत जाण्याचा प्रवासच विस्कटतो. १९६२ मध्ये सोळा मुलांचा जन्मजात मिनामाता आजार मान्य झाला.

आपल्याकडे नाळ पुरतात. जपानी घरांत तिचा वाळलेला तुकडा छोट्या लाकडी डबीत, नाव आणि जन्मतारखेसह ठेवण्याची चाल आहे. हारादांनी मिनामाताच्या घरोघरी जाऊन आयांकडून या डब्या मागितल्या. त्या तुकड्यांतला पारा मोजून तारखेप्रमाणे मांडला, तर कारखान्याचे उत्पादन वाढले तेव्हा नाळेतला पारा वाढला आणि ते घटले तेव्हा उतरला. कंपनीच्या कागदांना जे सांगायचे नव्हते, ते मायेने जपलेल्या नाळांनी सांगितले.

केसही असेच बोलतात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून बाळंतिणीच्या लांब केसाचे तुकडे केले की गर्भारपणाचा प्रत्येक महिना वेगळा वाचता येतो. इराकमध्ये १९७१-७२ साली पारा चोळलेले बियाणे लोकांनी दळून भाकऱ्या केल्या, तेव्हा शेकडो माणसे मेली. मातांच्या किती पाऱ्याने बाळाला किती इजा होते, याचा पहिला हिशोब त्या केसांवरून झाला. इतकी ठळक साक्ष असूनही सगळे जुळतेच असे नाही. देवमासा खाणाऱ्या फेरो बेटांवरच्या मुलांत, नाळेतला पारा वाढेल तसे सातव्या वर्षी भाषा, स्मृती आणि लक्ष कमी भरले. रोज मासळी खाणाऱ्या सेशेल्समध्ये तसा परिणाम दिसला नाही. माशातल्या चांगल्या चरबीने मेंदूला दिलेला हात पाऱ्याने केलेल्या नुकसानीला झाकत असावा, असे बऱ्याच संशोधकांना वाटते. मासे सोडा, असा अर्थ कोकणातल्या कुणी काढू नये. मोठ्या शिकारी माशांत पारा जास्त साठतो, बांगडा-तारलीत कमी.

आता प्लॅस्टिक मऊ करणारे थॅलेट, डब्यांच्या अस्तरातले बिस्फेनॉल ए, कीटकनाशके, आग रोखण्यासाठी गाद्या आणि टीव्हीत घातलेली ब्रोमीनची संयुगे यांच्याकडे यावे, तर चित्र धूसर होते. माझ्या मते याचे एक कारण अगदी साधे आहे: यांतली कित्येक रसायने शरीर काही तासांत लघवीवाटे टाकून देते. सकाळच्या लघवीतले बिस्फेनॉल कालच्या जेवणाबद्दल सांगते, गर्भारपणाच्या पाचव्या महिन्याबद्दल नाही. आपली खात्री कोणत्या रसायनाबद्दल किती, हे त्याच्या घातकपणाइतकेच ते अंगात खूण ठेवते की नाही यावर ठरलेले आहे. शिसे आणि पारा पकडले गेले, कारण ते मुक्काम करतात. येऊन-जाऊन असणाऱ्यांना संशयाचा फायदा मिळतो. क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकाबद्दल बरेच कळले, कारण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या गटाने ते जन्माच्या क्षणीच नाळेच्या रक्तात मोजून ठेवले होते; सात वर्षांनी ज्यांच्यात ते जास्त, त्यांची कार्यरत स्मृती आणि बुद्ध्यांक कमी निघाले. वाळवी मारायला आपल्याकडे ते सर्रास वापरले जाते. पाण्यातल्या फ्लोराइडचे चित्रही अजून पुरते स्पष्ट नाही. यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांत दातांवर डाग पाडणाऱ्या या पाण्याकडे दात-हाडांचा प्रश्न म्हणून पाहिले गेले; पण लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असेल तर मुलांच्या बुद्ध्यांकाशी त्याचा संबंध दिसतो, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने २०२४ मध्ये ‘मध्यम खात्रीने’ म्हटले. त्याखालच्या प्रमाणाबद्दल वाद चालू आहेत आणि ते वाद खरे आहेत.

शिशाबद्दल मात्र वाद उरलेला नाही, आणि ते आपल्या घरातून अजून गेलेलेही नाही. मारुतीला आणि म्हसोबाला फासला जाणारा पारंपरिक शेंदूर म्हणजे रसायनशास्त्राच्या भाषेत शिशाचे ऑक्साइड. देवाला लावायला हरकत नाही, मुलाच्या बोटांना लागून तोंडात जायला आहे. सुरम्याचा दगड म्हणजे शिशाचे सल्फाइड. घरच्या वातीचे काजळ वेगळे. जुन्या भिंतींचे आणि खिडक्यांचे तैलरंग खरवडताना उडणारी धूळ, कल्हईच्या कथलात भेसळ केलेले शिसे, आणि सर्वांत भयंकर म्हणजे वस्तीत उघड्यावर फोडून वितळवल्या जाणाऱ्या जुन्या बॅटऱ्या. भारतात पेट्रोलमधून शिसे २००० साली गेले, घरगुती रंगांत ते दहा लाख भागांत ९० भागांच्या वर नसावे हा नियम २०१७ पासून लागू झाला. तरी युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अंदाजानुसार जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिसे ५ मायक्रोग्रॅमच्या वर आहे, आणि त्यातली सुमारे साडेसत्तावीस कोटी भारतात.

बांगलादेशाची गोष्ट मला फार आवडते. तिथल्या खेड्यांत, कारखाना नाही, बॅटरी नाही, तरी गर्भवती बायकांच्या रक्तात शिसे. शिशाचे निरनिराळे समस्थानिक असतात आणि प्रत्येक खाणीच्या शिशात त्यांचे प्रमाण वेगळे, त्यामुळे रक्तातले शिसे कुठून आले हे ताडता येते. माग लागला तो हळदीचा. कमी उजळ हळकुंडांना झळाळी यावी म्हणून त्यांवर शिशाचा पिवळा क्रोमेट चोळला जात होता. २०१९ मध्ये निकाल जाहीर झाला, सरकारने बाजारात धाडी घातल्या, वर्तमानपत्रांनी लिहिले. तेव्हा तपासलेल्या हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे होते. २०२१ मध्ये एकाही नमुन्यात सापडले नाही. दोन वर्षांत.

दाताकडे परत यायला हवे, कारण त्याचे वाचन आता कमालीचे बारीक झाले आहे. न्यूयॉर्कमधल्या माउंट सायनाय वैद्यकीय संस्थेचे मनीष अरोरा आणि त्यांचे सहकारी लेसरने दाताच्या थरांतून टिंबाटिंबाने नमुना काढतात आणि शिसे, मँगॅनीज, जस्त आठवड्यांच्या हिशोबाने मांडतात. आईच्या दुधातल्या बेरियमवरून बाळ अंगावर कधीपर्यंत पीत होते हेही कळते. फ्रान्समधल्या पेर इथे सापडलेल्या, अडीच लाख वर्षांपूर्वीच्या निअँडरथल मुलाच्या दाताने अशाच वाचनातून सांगितले, की ते अडीच वर्षे आईचे दूध प्यायले आणि बालपणात एकाहून अधिक वेळा त्याच्या अंगात शिसे गेले. तेव्हा ना पेट्रोल होते ना रंग. शिसे जवळच्या खडकांतले असावे.

अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात १९५८ पासून १९७० पर्यंत मुलांकडून तीन लाखांवर दुधाचे दात गोळा केले गेले. अणुचाचण्यांतून उडालेले किरणोत्सर्गी स्ट्राँशियम, तेही कॅल्शियमचीच नक्कल करणारे, मुलांच्या हाडांत पोचते का, हे पाहायला. पोचत होते, आणि १९६३ च्या अणुचाचणीबंदी कराराला त्या दातांनी बळ दिले. दात देणाऱ्या मुलाला छातीवर लावायला बिल्ला मिळे. सगळे दात तेव्हा वापरले गेले नव्हते. उरलेल्यांपैकी सुमारे ८५,००० दात २००१ मध्ये तिथल्या विद्यापीठाच्या एका जुन्या गोदामात, प्रत्येकाच्या नोंदकार्डासह सापडले. ते आता हार्वर्डच्या संशोधकांकडे आहेत. ज्यांचे ते दात, ती मुले आज साठी-सत्तरीत आहेत आणि संशोधक त्यांना शोधून काढत आहेत. गर्भात आणि पहिल्या वर्षात अंगात किती शिसे होते हे दात सांगतील. साठ वर्षांनंतर स्मरणशक्ती कशी आहे, हे ती माणसे स्वतः चाचण्या देऊन सांगत आहेत.